पाव : एक शब्द, तीन घरे

'पाव' म्हटले की कोणीला पावशेर आठवतो, कोणीला उसळीबरोबरचा पाव, तर कोणी हात जोडून 'देवी, पाव गं' म्हणते. शब्द एकच दिसतो. पण ही तीन घरची तीन माणसे आहेत.

मापाचा पाव संस्कृत 'पाद'वरून आला. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय, तो चौथा हिस्सा. पादोन म्हणजे पाव कमी, त्याचेच झाले पाऊण. १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली, शेर मागे पडला, पाव मात्र किलोला जाऊन चिकटला! नवसाला पावणारी देवी ही 'प्राप्' धातूच्या घरची.

खायचा पाव मात्र समुद्रापलीकडचा. लॅटिन भाषेत त्याला 'पानिस' म्हणत. त्यातला 'न' झिजून पोर्तुगीजांच्या तोंडी नाकातल्या उच्चाराचा 'पांव' उरला. १५१० साली त्यांनी गोवा घेतला. पीठ फुगवायला गोव्यात माडाची माडी वापरू लागले. पाव भाजणाऱ्याला पोर्तुगीज 'पादेइरू' म्हणत, त्याचा कोकणीत 'पदेर' झाला. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानात पोहोचले. तेथे आजही पावाला 'पान' म्हणतात. हिंदी-बंगालीतली 'पावरोटी' म्हणजे तर रोटी-रोटीच झाली!

आपल्याकडे मात्र या गरिबाच्या नशिबी बदनामी आली. विहिरीत पाव टाकला, त्या विहिरीचे पाणी प्यायले म्हणून गावेच्या गावे बाटली, अशा कथा सांगत. त्यातच 'पायांनी मळतात म्हणून पाव' ही व्युत्पत्ती निघाली, आणि ती अजूनही मोठ्या खात्रीने सांगितली जाते. पायांनी पीठ कोठे मळले गेलेही असेल; पण नाव त्यावरून पडलेले नाही. पोर्तुगीज इकडे आले ते शब्द बरोबर घेऊनच, आणि त्यांच्या भाषेत त्याचा पायाशी काडीचा संबंध नाही. एका खोट्या व्युत्पत्तीपायी भट्टीपुढे रात्र काढणाऱ्यांच्या हातच्या अन्नाला कितीजणांनी नाके मुरडली असतील!

आणखी एक गंमत. लॅटिन 'कोम' म्हणजे सह. त्याला 'पानिस' जोडून युरोपात एका पावातले वाटून खाणाऱ्या सोबत्यासाठी शब्द झाला, आणि त्यावरूनच पुढे 'कंपनी' निघाली. १८१८ साली पेशवाई बुडवणाऱ्या कंपनी सरकारच्या नावातही असा पावाचा तुकडा दडलेला आहे.