कौठ्याचा पूल आणि 1956 ची रेघ

बिदरहून औरादला निघालं की जनवाडा मागे पडतो आणि मांजरा आडवी येते. पल्याड कौठा. पूल ओलांडायला फार वेळ लागत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी इतिहास म्हणून पाहत नाही. मला मात्र या भागाचा नकाशा कळला तो इथेच.

मांजरा बीडच्या बालाघाटातून निघते, लातूर ओलांडून बिदरात येते आणि पुढे तेलंगणातून गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात पात्र इतकं आटतं की उतारातून बैलगाडी जावी. पावसाळ्यात पुराइतकाच त्रास काठच्या काळ्या मातीचा. पाणी ओसरलं तरी चिखलात चाक रुतायचं, त्यामुळे नदी उतरली म्हणजे वाट मोकळी झाली असं नसे.

हैदराबाद राज्यात बिदर जिल्हा मोठा होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर त्यातच. नारायणखेड, जहीराबादही त्यातच. औरादकडचा मुलूख तेव्हा संतपूर तालुका म्हणून ओळखला जाई. कौठ्याच्या माणसाला उत्तरेचं उदगीर आणि दक्षिणेचं बिदर, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली. नदी भरली तरी बाजार अडत नसे. कचेरीचं काम तेवढं खोळंबे.

1 नोव्हेंबर 1956 ला हे मोडलं. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड-जहीराबाद आंध्रात, आणि औराद बिदरबरोबर म्हैसूर राज्यात राहिला. एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला आंध्र (आता तेलंगणा), अन् स्वतःच्या जिल्ह्याला जायचं तर मधे मांजरा! नदी तीच, पण तिच्या पुरानं आता अख्खा तालुका जिल्ह्यापासून तुटू लागला. जिल्हा कचेरी, मोठं कोर्ट, मोठा दवाखाना, सगळं नदीच्या दक्षिणेला. पुलाचं मोल रेघ ओढल्यावर वाढलं ते असं.

सीमाप्रश्न म्हटलं की आपल्याकडे बेळगावचंच नाव निघतं. 1966 चा महाजन आयोग म्हणा की 2004 चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, भालकी, संतपूर, हुमनाबाद ही नावं चर्चेत मागेच पडतात. मला हे खटकतं.

सोयरीक मात्र अजून उदगीर-देगलूरकडे होते, तूर-उडीदही तिकडेच जातो. कौठ्याकडच्या एका घरात खिळ्याच्या तारेला दोन कागद अडकवलेले पाहिले: आडतीवरची मराठी पट्टी, आणि तिच्याखाली पुलावरून आलेली कोर्टाची कन्नड नोटीस. घरच्या म्हाताऱ्यांना पट्टी वाचता येत होती. नोटीस नातवानं वाचून दाखवली.