सुईणीपासून नोंदणीपत्रापर्यंत
तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या मुक्ताईनगरात, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेत, बाळंतपण पिढ्यान्‌पिढ्या सुईणीच्या हाती असे. तिची पारख गावच करी आणि कागद कोणी मागत नसे, पण तिचे कसब कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने (१९०९) ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्या-शिक्षणाची सोय केली, तेव्हा या पेशाला मध्यमवर्गात प्रतिष्ठा मिळू लागली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने राज्यातील नोंदणीची चौकट घातली, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदांमुळे ‘एएनएम’, म्हणजे उपकेंद्रात प्रसूती व लसीकरण पाहणारी सहायक परिचारिका, हे पद खेड्यातील मुलीच्या आवाक्यात आले. पहिल्या मुलाखतीस निघणाऱ्या मुलीने मूळ नोंदणीपत्र सोबत घ्यावे आणि नाळ कापण्याआधी हात कसे धुवावेत, हे न अडखळता सांगावे.