शिकागो, 1871 : पावणेनऊ ते साडेतीन

शनिवार, 7 ऑक्टोबर, रात्री 11 च्या सुमारास. कॅनाल स्ट्रीटवरच्या लाकूड रंधण्याच्या गिरणीला आग लागते. जुलैपासून पाऊस जेमतेम इंचभर. घरं लाकडाची, पदपथ लाकडाचे, काही रस्तेसुद्धा पाइनच्या ठोकळ्यांचे. आग आटोक्यात यायला रविवारची दुपार उजाडते. अग्निशमन दलात माणसं 185, वाफेवर चालणारे बंब 17, शहराची वस्ती 3 लाख. दलानं नगरपालिकेकडे जादा नळखांब आणि नदीतून पाणी मारणारी बोट आधीच मागितली होती. मिळाली नव्हती.

रविवार, 8 ऑक्टोबर, संध्याकाळ. बंबवाले थकलेले, डोळे धुरानं सुजलेले. आज रात्री आग जिथवर पोचणार, तो नदीपलीकडचा उत्तर भाग मुख्यतः जर्मनांचा. शहरातल्या मोठ्या ब्रुअरीही बऱ्याचशा इथेच. मिशिगन सरोवराचं पाणी जवळ, हिवाळ्यात बर्फ जवळ आणि गिऱ्हाईक दारात. 1855 मध्ये महापौर लेव्ही बून यांनी गुत्त्यांचा परवाना 50 डॉलरवरून 300 वर नेला आणि रविवारी बिअर बंद करायला निघाले, तेव्हा याच वस्तीनं रस्त्यावर उतरून दंगल केली होती. जॉन हक यांची ब्रुअरी इथलीच. शहरात लागर बिअर पहिल्यांदा त्यांच्याकडे झाली, 1847 मध्ये.

सगळ्यांत जुनी मात्र लिल अँड डायव्हर्सी. मूळ धंदा 1833 चा, म्हणजे शिकागो गाव म्हणून नोंदलं गेलं त्याच वर्षीचा. पाइन स्ट्रीट आणि शिकागो अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, सरोवराकाठी तिचा पसारा होता. शेजारी शहराचा पाणीपुरवठ्याचा पंप. मायकेल डायव्हर्सी 1869 मध्ये गेले. आता विल्यम लिल एकटेच मालक.

रात्री पावणेनऊच्या सुमारास. डी कोव्हेन स्ट्रीट, ओलिअरी कुटुंबाचा गोठा पेटतो. इथून लिल यांची ब्रुअरी साधारण साडेतीन किलोमीटर, ईशान्येला. वारा नैर्ऋत्येचा, जोराचा. (ओलिअरीबाईंच्या गाईनं कंदील लाथाडून ही आग लावली, अशी गोष्ट सांगितली जाते. शिकागो नगरपालिकेनं 1997 मध्ये गाय आणि मालकीण दोघींना निर्दोष ठरवलं.)

साडेनऊच्या सुमारास. न्यायालयाच्या मनोऱ्यावरचा टेहळ्या माथियास शेफर अंदाज बांधतो आणि आगीची सूचना देणाऱ्या पेट्यांपैकी 342 क्रमांकाच्या पेटीचा इशारा द्यायला सांगतो. ही पेटी आगीपासून दीडेक किलोमीटर लांब. चूक त्याच्या लक्षात येते, तो दुरुस्ती सांगतो. खालचा तारयंत्रचालक नकार देतो. दुसरा इशारा दिला तर गोंधळ होईल आणि बंब तसेही आगीवरूनच जातील, हा त्याचा हिशेब. हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. पण काही बंब आधी चुकीच्या दिशेला गेले, आणि तोवर गोठ्याची आग वस्तीची झाली होती.

साडेअकराच्या सुमारास. ठिणग्या नदीची दक्षिण शाखा ओलांडतात. नदी आग अडवील या भरवशावर निम्मं शहर झोपलेलं.

सोमवार, 9 ऑक्टोबर, रात्री दीडच्या सुमारास. न्यायालय पेटतं. महापौर रॉसवेल मेसन तिथल्या कैद्यांना सोडायला सांगतात. तासाभरात मनोऱ्याची घंटा कोसळते. त्याच सुमारास आग मुख्य नदी ओलांडून उत्तरेला येते.

ब्रुअरीत आगीला काय सापडतं ते पाहा. लाकडी हौद. राळेचा लेप दिलेली पिंपं. सुकवलेला माल्ट आणि त्याची धूळ. बर्फ टिकावा म्हणून कोठाराच्या भिंतींत भरलेला लाकडाचा भुसा. बिअर जळत नाही, पण तिच्याभोवतीचं जवळजवळ सगळं जळतं.

साडेतीनच्या सुमारास. वाऱ्यानं आणलेला जळता लाकडाचा तुकडा पंपघराच्या छपरावर पडतो. छप्पर कोसळतं, यंत्रं थांबतात. बंबांचे पाइप कोरडे पडतात. पर्यायी पंपघर नाही. शेजारची लिल यांची ब्रुअरीही जाते. हक यांचीही जाते. अशा डझनाहून जास्त. पहिले महापौर विल्यम ऑग्डेन यांनी 1830 च्या दशकात लिल यांच्या ब्रुअरीत पैसा घातला होता. त्याच रात्री शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात पेश्टिगो गाव वणव्यात बेचिराख झालं. तिथली लाकडाची कंपनी ऑग्डेन यांचीच.

सोमवारी रात्री उशिरा पाऊस आला. मंगळवारी पहाटेपर्यंत आग विझली. मृत सुमारे 300, बेघर सुमारे एक लाख, जळालेल्या इमारती 17 हजारांवर. ओलिअरींचं घर मात्र शाबूत राहिलं.

तहान थांबली नाही. मिशिगन सरोवराच्या त्याच काठावर, उत्तरेला दीडशे किलोमीटरवर मिलवॉकी. तिथल्या श्लिट्झ आणि बेस्ट या ब्रुअरींची पिंपं शिकागोत येऊ लागली आणि बाजार काबीज करून बसली. लिल यांनी ब्रुअरी पुन्हा उभारली नाही. 1875 मध्ये ते वारले. पंपघरासमोरचा चुनखडीचा जलमनोरा त्या आगीतून वाचला आणि आजही मिशिगन अव्हेन्यूवर उभा आहे. त्याच्याजवळची ब्रुअरी कुठे होती, हे सांगायला मात्र जुना नकाशा काढावा लागतो.