लिव्हरपूलचा उपेक्षित बॅक

लिव्हरपूल फुटबॉल क्लबाची स्थापना १८९२ सालची. परंतु इंग्लंडांतील मानाचा एफ. ए. कप त्याच्या हातीं प्रथम आला तो १९६५ मध्यें. त्या विजयाची आठवण निघाली कीं, लीड्सविरुद्ध गोल करणारे रॉजर हंट आणि इयान सेंट जॉन यांचीं नांवें ओठांवर येतात. जेरी बर्न हें नांव त्या मानानें क्वचितच ऐकूं येतें.

हा डावा बॅक. १ मे रोजीं वेंब्लीच्या मैदानावर, खेळ सुरू होऊन कांहीं मिनिटें होतात न होतात तोंच एका धडकेंत त्याचें गळ्याखालचें हाड मोडलें. त्या काळीं बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. तो बाहेर पडता, तर संघास दहा गड्यांनिशीं झुंजावें लागतें. म्हणून दुखापतीचा सुगावा प्रतिपक्षास लागूं न देतां तो जादा वेळेसह १२० मिनिटें खेळला. इतकेंच नव्हे, तर हंटचा गोलहि त्यानेंच पुरविलेल्या चेंडूवर झाला. लिव्हरपूलनें सामना २-१ असा जिंकला.

त्याच वर्षीं ऑगस्टपासून इंग्लिश लीगनें जखमी गड्याच्या जागीं बदली खेळाडू घेण्यास परवानगी दिली. गोल करणाऱ्या दोघांच्या शेजारीं बर्नचें नांव लिहिलें जाईल, तेव्हांच त्या विजयाची हकीकत पुरी होईल.