मध्यंतराचा खाऊ

फुटबॉलच्या नियमावलीतील सातव्या नियमानुसार पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांमधील विश्रांती १५ मिनिटांपेक्षा अधिक असू शकत नाही. शालेय सामन्यांत ती बहुधा याहूनही आखूड असते. तेवढ्यात मुलांना दम घ्यायचा असतो, प्रशिक्षकांच्या सूचना ऐकायच्या असतात आणि पोटात जे जाईल ते घेऊन लगेच धावायचे असते. त्यामुळे मध्यंतराचा खाऊ भूक भागविण्यासाठी नसतो; घामावाटे गेलेले पाणी भरून काढणे हे त्याचे पहिले काम.

मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन हाच मोठा प्रतिस्पर्धी ठरतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ९ ते १२ वर्षांच्या मुलांनी खेळताना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यावे. याचा अर्थ मध्यंतरात एक पेला, तोही घोट घोट. बाटलीभर पाणी एका दमात रिचविले, तर उत्तरार्धात पोटात कळ आलीच म्हणून समजावे.

तासाभराच्या साध्या सामन्यासाठी पाणी पुरेसे आहे. ऊन कडक असेल किंवा एकाच दिवशी दोन सामने असतील, तर घरचे लिंबू सरबत उत्तम. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ५० ते ६० ग्रॅम साखर, चहाचा पाव चमचा मीठ आणि लिंबाचा रस, एवढेच त्याचे प्रमाण. साखर याहून वाढविली, की ते पोटात रेंगाळते. तळहातावर ग्लुकोजची पावडर घेऊन चाटण्याची जुनी सवयही याच कारणाने सोडावी. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण घामातून अधिक जाणारे सोडियम त्यामानाने कमी; म्हणून ते सामन्यानंतरसाठी ठेवावे.

खाण्यात संत्र्याला तोड नाही. इंग्लंडमधील शाळांत मध्यंतराला संत्र्याच्या फोडी वाटण्याची प्रथा कित्येक पिढ्यांची. आपल्याकडे तर नागपुरी संत्रे हाताने सोलले जाते, सुरीही लागत नाही. पाच-सहा फोडी किंवा अर्धे केळे एका मुलाला पुरे. उन्हाळ्यात कलिंगडही चालते. मात्र ते घरून झाकून आणावे. मैदानाबाहेरच्या गाडीवरची चिरलेली फळे आणि बर्फाचे सरबत यांच्या मोहात पडू नये, कारण तो बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते.

वडापाव, वेफर्स, शेंगदाण्याची चिक्की हे पदार्थ वाईट नव्हेत, पण त्यांतील स्निग्धांश पचायला तास-दोन तास सहज लागतात. शीतपेयांतील वायूने पोट फुगते. खरा धोका ‘एनर्जी ड्रिंक’चा. त्यात कॅफिन असते आणि ते मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना डब्यावरच छापावी लागते. ‘ओआरएस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गोड पेयांचाही असाच घोटाळा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर ते नाव वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

मूल उपाशी मैदानावर आले असेल, तर मध्यंतरातील केळे ती उणीव भरून काढू शकत नाही. सामन्याआधी दोन-तीन तास पोहे, इडली किंवा भाजी-पोळी झालेली असावी.

मध्यंतरात एखादे मूल गरगरते म्हणाले, ओकले किंवा त्याचे डोके दुखू लागले, तर त्याला उत्तरार्धात उतरवू नये. सावलीत बसवून ओल्या कापडाने अंग पुसावे. ते असंबद्ध बोलू लागले किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी तोंडावाटे काहीही न देता अंगावर थंड पाणी ओतत राहावे आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.