अमेरिकन रिव्हर पार्कवे : कायदेशीर संरक्षण

अमेरिकन रिव्हर पार्कवे : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची राजधानी सॅक्रमेंटो येथील नदीकाठचा संरक्षित पट्टा. निंबस धरणापासून अमेरिकन नदी जेथे सॅक्रमेंटो नदीला मिळते, त्या डिस्कव्हरी पार्कपर्यंत त्याची लांबी सुमारे ३७ किमी. आहे. नावात ‘पार्कवे’ असले, तरी हा मोटाररस्ता नव्हे. पात्र, पूरमैदान, काठची झाडी आणि जेडेडाया स्मिथ यांच्या नावाचा सायकलमार्ग मिळून तो बनला आहे. त्याचे रक्षण करणारा राज्याचा कायदा एका आराखड्याला बांधलेला असून, त्या आराखड्याची नवी आवृत्ती कायद्यात आणायची तर विधिमंडळाची संमती लागते.

पार्श्वभूमी : याच नदीच्या दक्षिण फाट्यावर कोलोमा येथे १८४८ मध्ये सोने सापडले. पुढे यंत्रांनी काठ उपसून काढला. त्या उपशाच्या गोट्यांचे ढीग आजही काठावर दिसतात. १९५० च्या दशकात फॉल्सम व निंबस ही धरणे झाली, पुराची धास्ती कमी झाली आणि घरे काठाकडे सरकू लागली. त्याविरुद्ध १९६१ मध्ये ‘सेव्ह द अमेरिकन रिव्हर असोसिएशन’ ही नागरिकांची संघटना उभी राहिली. पार्कवेचा पहिला आराखडा १९६२ चा.

संरक्षणाचे थर : निंबसच्या खालचा प्रवाह १९७२ मध्ये राज्याच्या आणि १९८१ मध्ये केंद्राच्या नदी-संरक्षण कायद्याखाली आला. त्यामुळे केंद्रीय जलप्रकल्पांचीही छाननी होते. राज्य प्रदर्शन-मैदानालगतच्या बुशी लेक या पाणथळ जागेसाठी १९७६ मध्ये वेगळा कायदा झाला. १९८५ च्या ‘अर्बन अमेरिकन रिव्हर पार्कवे प्रिझर्व्हेशन ॲक्ट’ने पार्कवे आराखड्यालाच वैधानिक बळ दिले. राज्य व स्थानिक संस्थांचे जमीनवापराचे निर्णय आराखड्याशी सुसंगत असलेच पाहिजेत, असे तो सांगतो. आराखड्यात जागेनुसार वर्ग आहेत : कोठे केवळ निसर्गनिरीक्षण, कोठे मर्यादित करमणूक, कोठे वाहनतळ आणि हिरवळ. लगतच्या खासगी जमिनींवर पार्कवेसाठीचे विशेष बांधकाम-नियम लागू होतात, कारण कड्यावरचे उंच घर पात्रात उभ्या असलेल्या माणसालाही दिसते.

अद्ययावतीकरण : सॅक्रमेंटो काउंटी आणि काठावरची शहरे जनसुनावण्या घेऊन मसुदा मंजूर करतात, मग तो विधिमंडळाकडे जातो. १९८५ च्या आराखड्यानंतरची सर्वंकष सुधारणा २००८ मध्ये पूर्ण झाली आणि २००९ मध्ये कायद्यात आली. दरम्यान रँचो कॉर्डोव्हा हे काठावरचे नवे शहर २००३ मध्ये स्थापन झाले होते; त्यामुळे मंजुरी देणाऱ्या शहरांत त्याचीही भर पडली. मंजुरीची ही वाट लांबची असल्याने एखाद्या बिल्डरच्या आग्रहाखातर आराखडा सहज वाकवता येत नाही; पण नव्या संकटांना उत्तर द्यायलाही तितकाच वेळ लागतो. अधिवासाची डागडुजी व लोकांची ये-जा यांसाठी निधी मिळावा म्हणून २०१६ मध्ये ‘लोअर अमेरिकन रिव्हर कॉन्झर्व्हन्सी प्रोग्रॅम’ हा स्वतंत्र कार्यक्रम कायद्याने सुरू करण्यात आला.

ताणाची ठिकाणे : पहिला ताण पूरनियंत्रणाचा. पूरबांध १ लाख १५ हजार क्युसेक विसर्गासाठी बांधलेले असताना फेब्रुवारी १९८६ मध्ये फॉल्सममधून सुमारे १ लाख ३० हजार क्युसेक पाणी सोडावे लागले. फॉल्समचा नवा सांडवा २०१७ मध्ये पूर्ण झाला. खालचे काठ १ लाख ६० हजार क्युसेक सोसतील इतके पक्के करण्यासाठी लष्करी अभियंता विभाग तेथे दगडी पिचिंग करतो. त्यासाठी जुनी झाडे तोडावी लागतात, आणि नेमक्या त्याच झाडीसाठी पार्कवे राखलेला असल्याने वाद होतो.

दुसरा ताण एका भुंगेऱ्याचा. एल्डरबेरीच्या झुडपावर जगणारा लांब शिंगांचा ‘व्हॅली एल्डरबेरी’ भुंगेरा १९८० पासून केंद्राच्या संरक्षित यादीत आहे. त्याची अळी एक-दोन वर्षे खोडाच्या आत पोखरत राहते. प्रौढ कीटक बाहेर पडला की सालीवर लहानसे लंबगोल भोक उरते. जमिनीलगत सुमारे अडीच सेंमी. जाड झालेले खोड अधिवास मानले जाते. त्यामुळे बांधावर काम करणाऱ्याला झुडपाची खोडे मोजावी लागतात.

तिसरा ताण वस्तीचा. बेघरांच्या राहुट्या आणि झाडीतल्या आगी यांमुळे काउंटीने २०२२ मध्ये पार्कवेत मुक्काम करण्यावर बंदी घातली. सार्वजनिक जागेत झोपल्याबद्दल दंड करणे घटनाबाह्य नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात दिल्यावर अशा बंदीला न्यायालयीन आधार मिळाला. जमीन कशासाठी वापरावी हे पार्कवे आराखडा ठरवू शकतो. पार्कवेतून हलवलेला माणूस रात्री कोठे झोपेल, याचे उत्तर मात्र गृहनिर्माणाच्या धोरणातच शोधावे लागते.