पळीभर तेलावर चाललेला मठ

लोकांच्या पैशावर चालणाऱ्या विज्ञानसंस्थेचे कूळ खानदेशात शोधायचे, तर चाळीसगावजवळच्या पाटणला जावे. आज तिथे पाटणादेवी आणि गौताळ्याचे रान. यादवकाळात मात्र इथे बाजार भरत होता. इथल्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे मांडला आणि एका मठाची जन्मकथा हाती आली.

मठ काढला चांगदेवाने. हा गणिती भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. (तापीकाठचे योगी चांगदेव निराळे.) ज्योतिषी चांगदेवाचे वडील लक्ष्मीधर यांना राजा जैत्रपालाने आपल्या पंडितांचे प्रमुख म्हणून नेले होते. मठाचा नियम स्पष्ट होता: सिद्धान्तशिरोमणी आणि या घराण्याचे इतर ग्रंथ इथे शिकवलेच पाहिजेत. भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी ११५० चा; त्यात लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. म्हणजे अभ्यासक्रमच दगडावर कोरला गेला. निकुंभ वंशातल्या सोईदेव या मांडलिकाने मठाला दान दिले ते शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाला याहून योग्य मुहूर्त कोणता!

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो लेखाचा शेवट. तिथे संस्कृत थांबते आणि मराठी सुरू होते. माझ्या मते याचे कारण उघड आहे: आता बोलायचे होते ते बाजाराशी. पाटणला विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. गिऱ्हाइकाने पाच पोफळे द्यायची, जेवढे घाणे चालतील तेवढ्यांनी पळी पळी तेल द्यायचे, आणि मोजायचे ते मठाच्याच मापाने. गोलाध्याय शिकणाऱ्या मुलांमागे असा तेली उभा होता, बाजारकरू उभा होता. त्यांची नावे लेखात नाहीत. असायला हवी होती.

पाटणला वेधशाळा होती असे लेख म्हणत नाही, आपणही म्हणू नये. हा अध्यापनाचा मठ होता. पण विद्येला कायमचे उत्पन्न लावून देण्याची रीत इथे पक्की दिसते. अशाच लावून दिलेल्या उत्पन्नावर चाललेली इराणातली मराघ्याची प्रसिद्ध वेधशाळा १२५९ ची, म्हणजे या दानानंतर सुमारे पन्नास वर्षांनी.

घराणे पाटणपुरते राहिले नाही. भास्कराचार्यांचे भाऊ श्रीपती, त्यांचा नातू अनंतदेव. तोही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. गिरणाकाठच्या बहाळला १२२२ मध्ये त्याने भवानीचे देऊळ बांधले आणि तिथेही शिलालेख ठेवला.